दुपट्ट्याखालचा सौदा

सौसरच्या संत्रा बाजारात वजनकाटा एखादे वेळी खोटा निघेल, पण पुंडलिकरावांची जीभ खोटी निघणार नाही, असं लोक मानत. बगीच्यातला सगळा बहार झाडावर असतानाच विकत घ्यायचा, तर फळ आतून कसं आहे हे आधी कळायला हवं. त्यासाठी व्यापारी पुंडलिकरावांना बगीच्यात घेऊन जात. ते चार कोपऱ्यांतल्या चार झाडांचं आणि मधल्या एका झाडाचं फळ तोडायला लावत, प्रत्येकाची एक फोड तोंडात धरत, डोळे मिटत, बी थुंकत आणि "चालते" किंवा "नाही चालत" एवढंच म्हणत. त्या एका शब्दावर सौदे व्हायचे किंवा मोडायचे. गुणवंता नावाच्या तरुण व्यापाऱ्याचा तर गेल्या वर्षभरातला सगळा धंदा या जिभेवर उभा होता. जीप गुणवंताची, जीभ पुंडलिकरावांची.

म्हणूनच सन शहाऐंशीच्या पावसाळ्यात, सारखी तहान लागते, पाय गळून जातात, अशी तक्रार घेऊन पुंडलिकराव सौसरच्या एकाही डॉक्टरकडे गेले नाहीत. सोयऱ्यांकडे जातो म्हणून त्यांनी पांढुर्ण्याची बस धरली. लपवायला कारण होतं. त्यांच्या आधी बाजारात मोरेश्वर नावाचे एक नामी पारखी होते. त्यांना साखरेची बिमारी झाल्याचं कळलं, आणि त्या हंगामापासून कोणी त्यांना बगीच्यात नेलं नाही. ज्याच्या रक्तातच साखर, त्याला आंबट फळ काय ओळखू येणार, असा बाजाराचा सरळ हिशेब होता. तो हिशेब मांडणाऱ्यांत पुंडलिकराव स्वतः पुढे होते. आता तोच आपल्यावर उलटेल, अशी त्यांना भीती होती.

पांढुर्ण्याला डॉक्टर विजया यांचा दवाखाना होता. बाई वयानं लहान, पण संत्रा बागायतदाराच्या घरात वाढलेल्या. त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, कमरेभोवती टेप गुंडाळला. एवढं करून त्या साखरेबद्दल बोलतील असं वाटलं होतं, तर त्या म्हणाल्या, "काका, साखर गोळीनं आणि पथ्यानं ताब्यात येईल. मला काळजी तुमच्या हृदयाची आहे."

पुंडलिकरावांनी सांगितलं की हृदय एकदम ठीक आहे, छातीत आजवर एकदाही दुखलं नाही. बाईंनी मान हलवली. साखरेच्या रोग्याचं हृदय वेळेवर तक्रार करेलच असं नसतं, त्या म्हणाल्या. साखरेनं नसा बोथट होतात, आणि आत रक्त अडलं तरी कधी कधी दुखत नाही. तेव्हा दुखत नाही म्हणून सगळं ठीक, असं धरून चालायचं नाही. मग त्यांनी हात पुढे केला आणि एकेक बोट उघडलं. साखर. वाढलेला रक्तदाब आणि त्यावर रोजचं लोणचं-पापड. बिडी. तेल-तूप. पोट, आणि ते वाढवणारं जीपमधलं बसणं. ही पाचही एकमेकांना धरून रक्तवाहिन्या खराब करतात, म्हणून पाचही हातात घ्यायला हवीत. मघाशी विचारून घेतलेली सहावी गोष्ट कोणाच्या हातातली नव्हती, म्हणून ती त्यांनी बोटावर मोजली नाही. पुंडलिकरावांचे थोरले भाऊ यशवंतराव पन्नाशीच्या आतच चहाच्या टपरीवर बसल्याबसल्या गेले होते, ती.

समोर पाच बोटांचा उघडा पंजा पाहून पुंडलिकरावांच्या हातून सवयीनं एक गोष्ट झाली. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि बाईंच्या हातावर टाकला.

बाजारात भाव असाच ठरतो. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात दुपट्ट्याखाली, जेवढी बोटं दाबली तेवढा आकडा, पूर्ण पंजा धरला की पाच. तोंडानं कोणी बोलायचं नाही आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. बाईंनी लहानपणी वडिलांना असे सौदे करताना शेकडो वेळा पाहिलं होतं. स्वतः कधी केला नव्हता. त्यांना हसू आलं, आणि त्यांनी हात काढून घेतला नाही.

पुंडलिकरावांनी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लावली आणि एक बोट दाबलं, म्हणजे पाचांतली एकच गोष्ट सोडू. बाईंनी वजनाच्या मशीनकडे पाहत पूर्ण पंजा दाबला. पुंडलिकराव एकावरून हलेनात. बाई चारवर आल्या, मग तीनवर. पुंडलिकरावांनी हात सैल सोडला, म्हणजे सौदा मोडून उठतो अशी खूण. तेवढ्यात कंपाउंडरनं दारातून डोकावून बाहेर खूप पेशंट बसल्याचं सांगितलं. बाईंची घाई झाली. निदान साखरेपासून तरी सुरुवात होऊ दे, म्हणून त्यांनी एक बोट दाबलं, आणि पुंडलिकरावांनी झटक्यात दुपट्टा उचलला.

"झाला सौदा."

"अहो काका, ती तर सुरुवात होती."

"बाई, दुपट्टा उचलला का सौदा पक्का. तुमच्या वडलाले विचारा."

बाईंनी कपाळाला हात लावला, गोळ्या लिहून दिल्या आणि बाकी चार गोष्टी तोंडी बजावून सांगितल्या. पण तोंडी गोष्टींना बाजारात भाव नसतो. परतीच्या बसमध्ये पुंडलिकराव खिडकीला टेकून स्वतःशीच हसत होते. शिकलेल्या डॉक्टरणीचा पाचाचा सौदा त्यांनी एकात तोडला होता. लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंत असा सौदा कोणी केला नसेल.

दुपट्ट्याखालचा शब्द मोडणारा माणूस बाजारात उभा राहू शकत नाही. त्यामुळे पुंडलिकरावांनी साखर सोडली ती खरोखर सोडली. चहा बिनसाखरेचा. गूळ बंद. संत्र्याची फोड तोंडात धरायची, पारखायची आणि थुंकून द्यायची. दिवाळीत बहिणीनं अनारशांचं ताट समोर ठेवलं तेव्हा त्यांनी दात दुखतो म्हणून सांगितलं. ही थाप एवढी सोयीची निघाली की त्यांनी ती बाजारातही चालवली. मग जो भेटेल तो दाताची चौकशी करायचा. लवंगेच्या तेलाच्या बाटल्या घरात साचल्या. एका आडत्यानं तर छिंदवाड्याच्या दाताच्या डॉक्टरकडे स्वतःच्या खर्चानं नेतो म्हणून हट्ट धरला. त्याला टाळताना पुंडलिकरावांना घाम फुटला.

पण गोड गेल्यावर तोंड बेचव झालं, आणि बेचव तोंड त्यांच्यासारख्या माणसाला सहन होईना. त्यांनी भाजीवर तर्री वाढवून घ्यायला सुरुवात केली. भाजीच्या जोडीला लोणचं, लोणच्याच्या जोडीला पापड. पूर्वी गोड चहानं भागायचं तिथे आता बिनगोड चहावर बिडी लागायची, आणि एका बिडीवर काही ती चव येईना. बगीच्यातही मधल्या झाडापर्यंत चालत जाण्याऐवजी ते गुणवंताला जीप आत घालायला लावत.

त्यांच्या बायकोला, पंचफुलाबाईंना, सगळं माहीत होतं. घरात लपवणं शक्यच नव्हतं. लघवीतली साखर तपासायची रीत डॉक्टरबाईंनी लिहून दिली होती आणि ते काम पंचफुलाबाईंकडे होतं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे, दिव्यावर उकळायचं. निळं ते निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, आणि नारंगी झालं तर फारच. जन्मभर हिरव्या फळाला नाक मुरडणारे आणि नारंगी रंगावर जीव टाकणारे पुंडलिकराव आता सकाळी दिव्याजवळ बसून, नारंगी होऊ नको रे बाबा, म्हणत.

महिनाभरात नळी निळी राहू लागली. पुंडलिकरावांनी ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि कोऱ्या चहाबरोबर बिडी पेटवली.

"निळंशार. बिमारी गेली समज."

"डॉक्टरीनबाईनं साखर सोडा म्हटलं होतं," पंचफुलाबाई नळी धूत म्हणाल्या. "तिच्या जागी तेल भरा असं बी म्हटलं होतं काय?"

"सौद्यात तेल नाही."

"सौद्यात मी हाय का नाही, थे सांगा."

पुंडलिकरावांनी पापड मागितला.

मार्चात मृग बहाराची फळं भरली आणि गुणवंतानं तिगावच्या भैय्याजींचा बगीचा घ्यायचं ठरवलं. बगीचा दिसायला देखणा होता. फळ मोठं, चकचकीत, रंग धरलेलं. पुंडलिकरावांनी चार कोपऱ्यांतल्या फोडी तोंडात धरल्या आणि थुंकल्या. चव चांगली होती. पण त्या दिवशी जीप आत जाईना, कारण पाटाचं पाणी फुटून वाटेत चिखल झाला होता. मधल्या झाडापर्यंत त्यांना चालत जावं लागलं, आणि चालताना त्यांना झाडांची खोडं दिसली.

खोडांवर पांढरट निळा लेप लावलेला होता. त्यांनी विचारलं तेव्हा भैय्याजींनी अभिमानानं सांगितलं की डिंक्या लागला होता, खोडातून डिंक गळत होता, पण बोर्डोचा लेप लावून बंद केला. आता बगीचा साफ आहे.

पुंडलिकरावांनी वर पाहिलं. पानांवर कोळशीची काळी बुरशी चढली होती. शेंड्याच्या फांद्या वाळल्या होत्या. खाली बुंध्यापाशी पाणी साचलं होतं. त्यांनी एकेक दाखवायला सुरुवात केली आणि भैय्याजींनी एकेक उडवून लावायला. पाणी याच कोपऱ्यात साचते. कोळशी थोडीशीच आहे. वाळल्या फांद्या कोणाच्या बगीच्यात नसतात?

"डिंक्या बंद केला ना मी," भैय्याजी म्हणाले. "आता काय पाह्यजे?"

"भैय्याजी, एक बिमारी धरून बसले अन् बाकीच्या मोकळ्या सोडल्या तुमी. एकटी एकटी असती त झाडानं निभावलं असतं. समद्या मिळून आल्या का झाड..."

वाक्य तिथेच राहिलं. पुंडलिकरावांना वाटलं की बगीच्यातली हवाच कोणी काढून घेतली. कपाळावर, मानेवर, पाठीवर थंड घाम आला. डावा हात जड झाला, जबड्यात काहीतरी ओढल्यासारखं वाटलं. छातीत मात्र दुखेना. ते झाडाच्या आळ्यात, त्या साचलेल्या पाण्यातच बसले आणि म्हणाले की सकाळचा पापड बाधला, थोडा वारा घेतो.

गुणवंतानं वारा घेऊ दिला नाही. त्यानं आणि भैय्याजींनी त्यांना उचलून जीपमध्ये घातलं, आणि गुणवंतानं पांढुर्ण्याकडे जीप पिटाळली. मागच्या सीटवर आडवे पडलेले पुंडलिकराव त्या हालतीतही एकच विचार करत होते. डॉक्टर विजयांचं नाव घ्यावं तर गुणवंताला सगळं कळेल, न घ्यावं तर तो कुठं नेऊन टाकेल कोण जाणे. त्यांचं ठरण्याआधीच जीप बाजाराचा रस्ता सोडून गल्लीत वळली, दुसऱ्या गल्लीत शिरली आणि बरोबर डॉक्टर विजयांच्या दारात थांबली.

पुंडलिकरावांनी कष्टानं मान उचलली. "गुणवंता, तुले हा दवाखाना कसा माईत?"

गुणवंता काही बोलायच्या आत कंपाउंडर बाहेर आला आणि गुणवंताला म्हणाला की साहेब, तुमची तारीख तर पुढच्या आठवड्यात आहे. मग त्यानं जीपच्या आत पाहिलं आणि म्हणाला, "काका तुमच्यासोबत? दोघं वळखीचे हाय का तुमी?"

बाईंनी पुंडलिकरावांना झोपवलं, छातीला तारा लावून हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, आणि एक लहानशी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवायला दिली. त्या नामांकित जिभेला आयुष्यात पहिल्यांदाच अशी वस्तू मिळाली होती, जिच्याबद्दल ती चालते म्हणाली नाही की नाही चालत म्हणाली नाही. हळूहळू श्वास परत आला. बाईंनी सांगितलं की झटका आलेला दिसत नाही, पण हृदयाला रक्त कमी पडतं आहे आणि ही त्याची सूचना आहे. आजच नागपूरला मोठ्या दवाखान्यात जायचं. छातीत दुखलं नाही हे खरं. दुखलं असतं तर काका कदाचित लवकर आले असते.

गाडीची सोय होईपर्यंत गुणवंता खाटेजवळ बसला.

"कधीपासून?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"दोन वर्सं होतीन."

"मले सांगितलं नाही."

"कोणाले सांगतो, भाऊ. साखर निघाली तवा वाटलं, आता आपली जीभ गेली. मोरेश्वरकाकाचं पाह्यलं होतं ना. म्हणून तं तुमची जीभ धरली." गुणवंतानं खाटेवरच्या माणसाकडे पाहिलं. "अन् तुमी बी इथंच येऊन राहिले."

कोपऱ्यात चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंचा पेन थांबला. त्यांनी तोंडाला रुमाल लावला. आवाज आला नाही, पण खांदे हलत होते. मग त्यांनी दोघांनाही शक्य तितक्या गंभीरपणे समजावलं की रक्तात साखर असली म्हणून जिभेला आंबट फळ गोड लागत नाही. पारख गेली ही बाजाराची अफवा आहे.

नागपूरच्या खाटेवर पुंडलिकरावांना विचार करायला भरपूर वेळ मिळाला. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि तीच पाच बोटं उघडून दाखवली. पण त्यांच्या डोक्यात भैय्याजींच्या बगीच्यातलं अर्धं राहिलेलं वाक्य फिरत होतं. ते त्यांनी मनात पूर्ण केलं. मग त्यांना एक वेगळीच गोष्ट खटकली. सौदा करताना माणूस माल दुसऱ्याचा असतो म्हणून भाव पाडतो. त्या दिवशी दुपट्ट्याखाली माल कोणाचा होता?

परत आल्यावर ते बाजारात गेले. कोणीतरी लगेच दाताची चौकशी केली आणि लवंगेच्या तेलाचं नाव काढलं.

"दात पक्के हाय," पुंडलिकराव म्हणाले. "साखर हाय मले. अन् हृदयावर बी आली होती."

एकानं हातातलं संत्रं उगाच उलटंसुलटं करून पाहिलं. गुणवंता पुढे येऊन म्हणाला की दोन वर्षं ही साखरेची जीभ वापरतो आहे, एक बगीचा फसला असेल तर दाखवा. कोणाला दाखवता आला नाही. बाजार उठेपर्यंत तीन आडते, तिघंही एकेकटे, आधी इकडेतिकडे पाहून, पुंडलिकरावांना आडोशाला घेऊन गेले आणि हळूच विचारू लागले की डॉक्टरीनबाई कोणत्या गल्लीत बसतात. त्यांतला एक तर तोच, छिंदवाड्याच्या दाताच्या डॉक्टरवाला.

ठरलेल्या दिवशी पुंडलिकराव पंचफुलाबाईंना घेऊन पांढुर्ण्याला गेले. तपासणी झाली आणि त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला. बाईंनी दोन्ही हात झटकन मागे घेतले.

"मी नाही, काका. मागच्या वेळी फसले मी."

"तुमी नाही फसल्या, बाई," पुंडलिकराव म्हणाले. दुपट्टा हातात तसाच राहिला.

तेव्हा पंचफुलाबाईंनी खुर्ची पुढे ओढली, दुपट्टा घेऊन स्वतःच्या आणि त्यांच्या हातांवर पसरला आणि त्याखाली नवऱ्याचा हात धरला. बोटं मोजली नाहीत. सबंध हात, मनगटापर्यंत, घट्ट.

पुंडलिकराव सवयीनं कॅलेंडरकडे पाहायला लागले, पण त्यांना ते जमलं नाही. "अवं, असं नाही धरत. हे तं पाच झाले."

"मले काय तुमच्या बाजारातलं समजते. मी त हात धरला."

"एक एक बोट सोडत यावं लागते. मंग भाव ठरते."

"मी काही सोडत नाही."

तीस वर्षं बाजारातल्या माणसाशी संसार केलेल्या बाईला हे समजत नव्हतं, यावर डॉक्टरबाईंचा काडीचा विश्वास बसला नाही. पुंडलिकरावांनी थोडी वाट पाहिली. हात सैल होईना. त्यांनी दुसऱ्या हातानं दुपट्टा उचलला, म्हणजे सौदा झाला, आणि खिशातला बिडीचा कट्टा काढून बाईंच्या टेबलावर ठेवला. मग फक्त एक सवलत मागितली, की पारखायची फोड तोंडात धरू द्यावी. थुंकायची असेल तर हरकत नाही, बाई म्हणाल्या.

बाहेर गुणवंता जीपचं दार उघडून उभा होता. भाव कितीत तुटला, असं त्यानं विचारलं.

"दुपट्ट्याखालचं सांगत नसते," पुंडलिकराव म्हणाले आणि जीपजवळून तसेच पुढे चालू लागले. बस स्टँड दूर नव्हतं. पंचफुलाबाई त्यांच्या बरोबरीनं चालत होत्या, आणि हात अजून सोडलेला नव्हता, त्यामुळे त्यांना दुसरीकडे वळायची सोयही नव्हती.

गुणवंता जीप हळू चालवत त्यांच्या मागे आला. भाऊ बसा ना, ऊन हाय, असं दोन-तीनदा म्हणाला. मागच्या सायकलवाल्यांनी घंट्या वाजवायला सुरुवात केली. शेवटी पुंडलिकराव थांबले, वळले, आणि त्यांनी गुणवंताच्या पोटाकडे तसं पाहिलं जसं ते मधल्या झाडाच्या फळाकडे पाहत.

"नाही चालत," ते म्हणाले. "उतर."

गुणवंतानं जीप पानठेल्याच्या बाजूला लावली, चावी खिशात टाकली आणि उतरला.